यादीत राहिलेले ‘साधे’ प्राणी: पेंग्विन, रेड पांडा, गोरिला, तरस… कुठे, कधी, कसे पाहावेत?

रानवाट७
प्राणिसंग्रहालयांच्या शौकिनांनी पाहिलेल्या प्राण्यांच्या आपापल्या याद्या काढल्या की एक गोष्ट लगेच दिसते. राहून गेलेले प्राणी दुर्मीळ नसतात. जगात जागोजागी पाळले जाणारेच असतात: पेंग्विन, रेड पांडा, जिराफ, गोरिला, मीरकॅट. महाराष्ट्रातून निघायचं तर यांतले भारतात कुठे मिळतील? नुसतं नाव नको. वार, वेळ, ऋतू सांगा.
दुसरं, तरस, साळिंदर, उदमांजर यांची पाटी असते, आत मात्र काही दिसत नाही. त्यावर काय करता येतं?
तिसरं, ‘आशियाई सिंह’ अशी पाटी असली म्हणजे तो आशियाईच का?

कातळखूण
पहिल्यांदा सुट्टीचा वार बघा, कारण सगळ्यात जास्त फेऱ्या त्यानेच फुकट जातात. भायखळ्याची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रज बुधवारी बंद, म्हैसूर मंगळवारी, दार्जिलिंग आणि कोलकात्याचं अलीपूर गुरुवारी, दिल्ली शुक्रवारी, बोरिवलीची सफारी सोमवारी. भायखळ्यात बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी असते आणि दुसऱ्या दिवशी बंद. गुरुवारी जाणारे यात हमखास फसतात.

पेंग्विन: भायखळा. २०१६ मध्ये सोलहून ८ हम्बोल्ट पेंग्विन आणले, मार्च २०१७ पासून कक्ष लोकांसाठी खुला आहे. ही जात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची. तिला बर्फ लागत नाही, १६ ते १८ अंशांचा गारवा पुरतो. त्यामुळे ‘बर्फ कुठे आहे’ म्हणून हिरमुसू नका. रविवारी रांग सरकती असते, काचेसमोर फार थांबू देत नाहीत. कामाच्या दिवशी सकाळीच जा. एखादा पक्षी कडेला फिस्कटलेल्या पिसांनी नुसता उभा असेल तर तो बहुधा आजारी नसतो. वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम बदलतात आणि नवी येईपर्यंत अंग पाणी धरतं, म्हणून दोन-तीन आठवडे तो पाण्यात उतरत नाही.

गोरिला आणि जिराफ: दोन्हींसाठी म्हैसूर. १८९२ चं संग्रहालय, सकाळी साडेआठला उघडतं. ‘पोलो’ हा भारतातला एकुलता एक गोरिला तिथेच होता, तो २०१४ मध्ये गेला. त्यानंतरच्या लेखांत ‘भारतात गोरिला नाही’ असं छापलेलं अजून फिरतं. २०२१ मध्ये जर्मनीहून दोन नर आले आहेत. उघडताक्षणी आत शिरलात तर थेट गोरिलाकडे जा, बाकीचं नंतर. ऊन वाढलं की तो सावलीत पाठ करून बसतो आणि हलत नाही. जिराफाची घाई नको, तो दिवसभर उभाच असतो. किमान चार तास धरा. दसऱ्याच्या दिवसांत मंगळवारीही उघडं असतं, पण त्या गर्दीत प्राणी पाहणं होत नाही.

हिमरेषा
रेड पांडासाठी दार्जिलिंग. पद्मजा नायडू हिमालयन प्राणिउद्यान, १९५८ चं, उंची सुमारे २,१०० मीटर. न्यू जलपायगुडीहून रस्त्याने साधारण ७० किलोमीटर. गिर्यारोहण संस्था त्याच आवारात आहे, म्हणून गर्दी दुपारी फुगते. नैनितालचं उंचावरचं संग्रहालय आणि गंगटोकजवळचं हिमालयन प्राणिउद्यान हे दुसरे पर्याय. मैदानी संग्रहालयांत हा शोधू नका. पंचविशीपुढे पारा गेला की त्याला त्रास होतो.

लोक चुकतात ते बघण्यात. सगळे जमिनीकडे आणि बांबूच्या जुडीकडे पाहतात. प्राणी मात्र दिवसाचा मोठा भाग उंच फांदीवर आडवा पडून झोपतो, आणि त्याचं पोट काळं असल्यामुळे खालून नुसती सावली वाटते. खाली लोंबणारी पट्ट्यापट्ट्यांची शेपटी शोधा. सकाळी उघडल्यावरचा पहिला तास आणि बंद होण्याआधीचा तास, या दोनच वेळा तो फिरताना दिसतो. पिल्लं जून-जुलैत होतात आणि तीनेक महिने पेटीबाहेर येत नाहीत, म्हणून पिल्लांसाठी ऑक्टोबरनंतर जा. तोपर्यंत पावसाळी धुकंही ओसरलेलं असतं. याच उद्यानाचं टोपके दारा इथलं प्रजनन केंद्र पर्यटकांसाठी नाही, तिथे जायचा हट्ट नको.

निशाचर
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांची दिनचर्या अशी: सकाळी आतला पिंजरा धुवायचा, प्राणी बाहेरच्या आवारात सोडायचा, संध्याकाळी खाणं आत ठेवून त्याला परत घ्यायचं. म्हणजे मांसाहारी प्राणी शेवटच्या तासात आतल्या दाराशी येतात. नेमक्या त्याच वेळी लोक गेटाकडे निघालेले असतात. तरसासाठी ही वेळ सोडू नका. दुपारी तो नळीच्या किंवा भिंतीच्या सावलीत असतो. आवाराच्या मध्यभागी बघणं व्यर्थ.

साळिंदराचं बीळ कुठे आहे ते आधी हेरा आणि संध्याकाळी तिथेच दहा-पंधरा मिनिटं थांबा. उदमांजर वरच्या लाकडी पेटीत असतं. पेटीच्या भोकातून नाक किंवा शेपटी दिसते, तेवढ्यावर नोंद करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पूर्ण अंग दिसल्याशिवाय नोंद करू नये या मताचा मी आहे.

दुर्बीण ८×४२ घ्या. ८×३२ हलकी पडते, पण संध्याकाळच्या उजेडात कमी पडते. फोटो जाळीतून काढायचा तर ज्या भागावर ऊन नाही तो भाग निवडा, कॅमेऱ्याचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडा, झूम लांबवा. उन्हातली जाळी फोटोत पांढरी उमटते. फ्लॅश कधीच नको. आणि जाळी वाजवून प्राणी उठवणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा, गप्प बसू नका.

रानवाट७
उपयोगी आहे. पण प्राणी खरोखर तिथे आहे का, हे निघण्याआधी कसं तपासायचं?

कातळखूण
केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण दरवर्षी प्राण्यांची मोजणी जाहीर करतं, ३१ मार्चची. तिच्यात तीन आकडे असतात: नर, मादी, लिंग न ठरलेले. १.०.० दिसलं तर एकटा नर. तो म्हातारा असेल तर लोकांसमोर न सोडलेलाही असू शकतो. २.३.० असेल तर दिसण्याची शक्यता चांगली. तरी मोजणी आणि तुमची भेट यांत काही महिने जातात, तेव्हा आदल्या दिवशी फोन कराच. ‘प्राणी आहे का’ असं विचारू नका, ‘लोकांसमोर सोडलाय का’ असं विचारा.

गीरवारी
सिंहाचं. पूर्वी देशातल्या काही संग्रहालयांत आफ्रिकी आणि आशियाई सिंहांचा संकर झाला, चंदीगडजवळचं छतबीर त्यासाठी ओळखलं जायचं. पुढे ते प्रजनन थांबवलं. खुणा दोन: पोटाखाली लांबीभर लोंबणारी कातडीची घडी, आणि डोक्यावरची आयाळ विरळ असल्याने उघडे दिसणारे कान. पण पिंजऱ्यातला लठ्ठ सिंह पोट लोंबवतोच आणि थंड गावात आयाळ दाट होते, म्हणून नुसत्या दिसण्यावर निकाल देऊ नये. मूळ बघा. जुनागढचं सक्करबाग (१८६३, बुधवारी बंद) निःशंक. बोरिवलीच्या सफारीत २०२२ मध्ये गुजरातहून आणलेली जोडी आली, त्यामुळे मुंबईकरांना दूर जायला नको.

निशाचर
मीरकॅट राहिला होता. भारताबाहेर जाणार असाल तर सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात आहे. दिवसा जागा असतो, कोवळ्या उन्हात उभा राहून अंग शेकतो, पावसात बिळातून बाहेर येत नाही. तिथे ध्रुवीय अस्वल मात्र शोधू नका. तिथला शेवटचा, इनुका, एप्रिल २०१८ मध्ये गेला आणि पुन्हा आणायचं नाही असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. जुन्या सहल-पुस्तिकांत त्याचं नाव अजून आहे.