मदत हवी आहे: प्रॉमिस.ऑल रिजेक्ट झाल्यावर उरलेली कामे थांबवावीत कशी?

नमस्कार मंडळी,

पेडणे तालुक्यातील काही होमस्टेंच्या आरक्षणासाठी मी नोड.जेएसवरचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) एक छोटा सर्व्हर सांभाळतो. आरक्षण करताना तीन कामे एकदम सुरू होतात: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये खोलीची नोंद, आगाऊ रकमेची पावती आणि पाहुण्याला एसएमएस. या तिन्ही कामांची प्रॉमिसे (पुढे मिळणाऱ्या निकालाची हमी देणाऱ्या वस्तू) मी प्रॉमिस.ऑलला देऊन, म्हणजे सगळी एकत्र बांधून, त्यावर अवेट करतो, म्हणजे निकालाची वाट पाहतो.

डिसेंबरच्या गर्दीत मोरजीतील एकच खोली दोघे जण एकाच वेळी मागतात, तेव्हा खोली आणि तारीख या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचा नियम) असल्यामुळे दुसरी नोंद नाकारली जाते, प्रॉमिस.ऑल तत्काळ रिजेक्ट होते, म्हणजे अपयशी ठरते, आणि कॅचमधून (त्रुटी हाताळणाऱ्या भागातून) ‘खोली उपलब्ध नाही’ असे उत्तर जाते. इथवर सारे ठीक. पण पाठोपाठ त्याच पाहुण्याच्या फोनवर ‘आपले आरक्षण पक्के झाले’ असा एसएमएस येऊन थडकतो, आणि मग दारात सामानासह उभ्या असलेल्या कुटुंबाची समजूत मालकीणबाईंनी काढायची. लॉगमध्येही आधी डेटाबेसची त्रुटी आणि त्याखाली एसएमएस सेवेचा २०० (यशाचा कोड) हा क्रम स्पष्ट दिसतो. ॲबॉर्टकंट्रोलरचा (विनंती रद्द करण्याची सोय) सिग्नल फेचला, म्हणजे एसएमएस सेवेला विनंती पाठवणाऱ्या फंक्शनला, दिल्यास हा संदेश अडेल का, की एखादे काम फसले तरी सगळ्यांचे निकाल येईपर्यंत थांबणारे ऑलसेटल्ड वापरावे?

उत्तर:

सिग्नलने फक्त तुमच्या बाजूची विनंती रद्द होते. समोरच्या सेवेने ती आधीच स्वीकारली असेल, तर संदेश जाणारच. ऑलसेटल्डनेही तो अडणार नाही, कारण काम प्रॉमिस.ऑल सुरू करत नाही. एसएमएसच्या फंक्शनला हाक मारली त्याच क्षणी ते सुरू झालेले असते. मुळात ही तीन कामे समान दर्जाची नाहीत. आधी केवळ नोंदीवर अवेट करा, आणि ती यशस्वी झाल्यावरच पावती व एसएमएसच्या फंक्शनना हाक मारून ती दोन प्रॉमिसे ऑलसेटल्डला द्या, म्हणजे एसएमएस सेवा बंद असली तरी झालेले आरक्षण फसल्यासारखे दिसणार नाही. पाहुण्याला उत्तर मात्र नोंद होताच पाठवावे, म्हणजे त्याला ताटकळावे लागणार नाही. एसएमएसचे प्रॉमिस अवेट न करता मोकळे सोडणार असाल, तर त्याला स्वतःचा कॅच जोडाच. नोड १५ पासून न हाताळलेले रिजेक्शन मूळ सेटिंगनुसार अख्खी प्रोसेस बंद पाडते.