आयातीची साखळी खोल असेल तर
अनेक फाइलींत विखुरलेली एक्सएसएलटी स्टाइलशीट (एक्सएमएल दस्तऐवजाचे दुसऱ्या रूपात रूपांतर करणारे नियम) कशी समजून घ्यावी, या प्रश्नावर सल्ला मिळतो की मुळाच्या टेम्प्लेटपासून (टेम्प्लेट म्हणजे एक नियम) सुरुवात करून फाइली क्रमाने वाचाव्यात. हा सल्ला दोन-तीन फाइलींपुरता योग्य आहे. परंतु आयातीची साखळी खोल असेल (एक फाइल दुसरीला आयात करते, दुसरी तिसरीला) तेथे तो चालत नाही, कारण आयात करणाऱ्या फाइलीतील नियम आयात केलेल्या फाइलीतील नियमावर मात करतो आणि ही तुलना प्रायॉरिटी (नियमाच्या अग्रक्रमाचा आकडा) पाहण्याच्या आधीच होते.

बडोद्यातील आमच्या कचेरीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका डॉकबुकच्या (तांत्रिक पुस्तकांसाठीच्या एक्सएमएल स्वरूपाच्या) स्टाइलशीटांवर स्वतःचा थर चढवून तयार होतात. तेथे सर्वांत उपयोगी पडलेला मार्ग असा: स्टाइलशीट स्वतःच एक्सएमएल असल्याने, तिच्यावरच एक छोटी एक्सएसएलटी चालवून प्रत्येक टेम्प्लेटचे मॅच (नियम कोणत्या घटकाला लागू), मोड (त्याच घटकावर वेगळ्या वेळी वेगळा नियम लावण्यासाठीचे नाव), प्रायॉरिटी आणि फाइलीचे नाव यांचा तक्ता काढता येतो. तो मोडनुसार लावला की बराचसा गुंता (माझ्या मते मोड हेच त्याचे खरे मूळ) उघड होतो. ज्या घटकासाठी तक्त्यात नियमच नसतो, त्याला अंगभूत नियम लागू होऊन त्याचा मजकूर निकालात गुपचूप उतरतो. सॅक्सन या एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा ‘-T’ पर्याय (मोठ्या लिपीतला T; कोणता नियम केव्हा चालला याच्या नोंदी देणारा) त्यानंतर, आणि तोही एखाद्या लहान प्रकरणावरच चालवावा. संपूर्ण पुस्तिकेवर चालवल्यास नोंदी वाचणे अशक्य होते.