चर्चचं फाटक रविवारपुरतंच का? (चर्चा)

छावणीकर (धागाकर्ता)
इंदुरातल्या आमच्या चर्चच्या आवारात, मागच्या बाजूला, एक सभागृह आहे. रविवारी शब्बाथशाळा (मुलांची बायबलची शाळा), कधीमधी लग्नाचं जेवण, बाकी सहा दिवस कुलूप. भिंतीपलीकडच्या गल्लीत पीएससीची (राज्यसेवा परीक्षेची) तयारी करणारी पोरं एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात आणि जिन्यात बसून वाचतात. माझं म्हणणं एवढंच की सोमवार ते शनिवार हे सभागृह अभ्यासिका म्हणून उघडावं. पत्रकं वाटायची नाहीत, प्रार्थना लादायची नाही. नावनोंदणी आणि वीजबिलापुरती फी.

दुसरं, महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं ठेवावीत. पेटी, तबला, टाळ. आमची उपासना हिंदीत चालते, मराठी गीतं आजीच्या पिढीबरोबर चालली आहेत. तुकोबांचे अभंग ऐकत वाढलेल्या शेजाऱ्याला टिळकांचा अभंग परका वाटणार नाही. याच टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. आमच्या फाटकावर आज पाटी आहे: 'विनापरवानगी आत येऊ नये.'

नाताळच्या रात्री अख्खं शहर येतं, सेल्फी काढतं, जातं. आम्ही दोरखंड धरून उभे असतो आणि त्यालाच स्वागत म्हणतो!

जुना सभासद
मी कमिटीत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. विरोध.

मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये नवा आणि जास्त कडक आला. धर्म बदलणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्यानेही ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. प्रलोभनात भेटवस्तू येते, भौतिक लाभ येतो. स्वस्तातली अभ्यासिका हा लाभ नाही, हे ठाण्यात कोण पटवून देणार? उद्या एखाद्या पोराने आपण होऊन बायबल मागितलं आणि त्याच्या वडिलांनी तक्रार केली, तर छावणीकरांना कोणी बोलावणार नाही, पाळकांना (आपल्या धर्मगुरूंना) बोलावतील. दोन लहान लेकरं आहेत त्यांना.

शिवाय आपली मंडळी छोटी. आहे तीच माणसं रविवारी वेळेवर येत नाहीत, आणि आपण गल्लीला बोलावतोय.

छावणीकर
कायदा धर्मांतराबद्दल आहे, खुर्ची-टेबलाबद्दल नाही. कॅनेडियन मिशन इंदुरात १८७७ मध्ये आलं आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभं राहिलं. तिथे शिकलेल्या बहुतेकांचा धर्म होता तोच राहिला. किशोरकुमारही तिथलाच, तो काय पाद्री झाला?

जुना सभासद
कॉलेजला प्राचार्य होते, नोंदणी होती, मागे मिशनचा पैसा होता. तुमच्याकडे कुलपाची किल्ली आहे.

राजेंद्रनगरची शेजारीण
मी ख्रिस्ती नाही, तरी लिहिते. मैत्रिणीच्या मुलाच्या दृढीकरणाला (कन्फर्मेशनच्या विधीला) गेले होते (चर्चचं नाव नको). भाकर आणि प्याला द्यायची वेळ झाली, रांगेतले सगळे उठले, मीही उठले. पुढे गेल्यावर पाळक क्षणभर थबकले, मागून कोणीतरी बाही ओढली. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! आधी एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? अभ्यासिका राहू दे. पाटीवर उपासनेची वेळ लिहा, गीतांची पुस्तकं दारातच द्या, आणि कधी उठायचं, कधी बसायचं ते सांगायला नवख्या माणसाशेजारी कोणीतरी बसा.

जुना सभासद
ताई, हे शंभर टक्के मान्य. प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर आणि प्याला, प्रसादासारखं सर्वांना वाटत नाहीत. आमच्याकडे ते बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेल्यांसाठी असतं. पण तसं मोठ्याने सांगायला आम्हीच लाजतो. बाकीच्यांनी बसून राहावं, किंवा पुढे येऊन हात जोडावेत, पाळक आशीर्वाद देतील, एवढं दर वेळी सांगायला हवं. कमिटीत मांडतो.

पाळकाची लेक
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. पत्रक नाही, प्रार्थना नाही, मग त्यात चर्च कुठे उरलं? भाड्याच्या अभ्यासिका गल्लीगल्लीत आहेत. आपण कोण आहोत ते लपवून बोलावलं तर लोकांना संशय येणारच, आणि तो रास्त असेल. सभागृहाच्या भिंतीवर वचन लिहिलंय, त्यावर काय कॅलेंडर लावणार का?

छावणीकर
वचन राहील. पीएससीची पोरं आहेत, वाचता येतं त्यांना. आवडलं तर विचारतील, नाही तर मान खाली घालून राज्यघटना पाठ करतील.

पाळकाची लेक
मग विचारल्यावर उत्तर द्यायचं की काकांच्या भीतीने गप्प बसायचं? ते आधी ठरवा. बाबांना दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. मंडळी म्हणते सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सांगत नाही, बाहेरचे म्हणतात तेच सांगता.

जुना सभासद
मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो, घाई नको. भजनसंध्येला माझी हरकत नाही, तबलजी तेवढा चांगला आणा. सभागृहासाठी वकिलाचं मत लेखी हवं, आणि रात्री दार लावायला कोण थांबणार ते नावानिशी. स्वच्छतागृह एकच आहे, तेही पाळकांच्या घराला लागून. मुली आल्या तर?

छावणीकर
दार लावायला मी थांबतो, लिहून घ्या. मुलींचा मुद्दा खरंच राहून गेला. गवंड्याला बोलावून अंदाजखर्च काढतो, मग कमिटीपुढे आणतो.