'सोशल क्लायंबर'ला मराठीत काय म्हणाल?

'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) हा इंग्रजी चित्रपट पुन्हा पाहिला. नट ॲलेक गिनेस एकटाच अख्खं डॅस्कॉइन घराणं होतो तो. नायक लुईच्या आईनं इटालियन गायकाशी लग्न केलं म्हणून माहेरनं, म्हणजे ह्याच डॅस्कॉइनांनी, तिला तोडलेलं. मेल्यावरही घराण्याच्या दफनघरात जागा दिली नाही. मग कापडदुकानात नोकरी करणारा लुई ड्यूकपदाच्या वाटेतल्या नातेवाइकांना एकेक करून संपवायला निघतो. मित्राला गोष्ट सांगताना 'सोशल क्लायंबर'पाशी, म्हणजे वरच्या वर्गात शिरायला धडपडणाऱ्यापाशी, अडलो.

— महत्त्वाकांक्षी?

— तो तर यूपीएससीला बसणाराही असतो.

— चढेल! शब्दात 'चढणं' आहेच.

— पण अर्थ उर्मट. चढेल म्हणजे चढून झाल्यावरचा. लुईची दुकानातली नोकरी घालवणारा तो डॅस्कॉइन चढेल. लुई स्वतः कमालीचा नम्र, खून करतानासुद्धा.

— नवश्रीमंत?

— इथे भांडण पैशाचं नाही, कुळाचं आहे. 'उच्चभ्रू' तर सुचवूच नका. तो 'हायब्राउ'चा शब्दशः अनुवाद. मूळ शब्द बुद्धीच्या तोऱ्याचा, आपण तो फ्लॅटच्या जाहिरातीत नेऊन बसवला.

— मला 'भाऊबंदकी' चपखल वाटतो. इस्टेटीपायी जिवावर उठणं, दुसरं काय?

— भाऊबंद बापाकडचे. हे लुईचं आजोळ. चित्रपटात ही पदवी मुलीकडूनही पुढे जाते, म्हणून तर त्याला आशा. थोडक्यात, तो मामालोकांना आधी 'मामा' बनवतो, मग मारतो.

— अवांतर: 'कॉरोनेट'ला मुकुट म्हणू नये. मुकुट राजाचा. कॉरोनेट उमरावांचं, ड्यूकच्या कॉरोनेटवर स्ट्रॉबेरीची आठ पानं असतात. 'शिरपेच' जवळचा, पण त्याला खाली पगडी लागते. चित्रपटाचं नाव इंग्रज कवी टेनिसनच्या कवितेतून घेतलंय, तिथे कॉरोनेटपेक्षा मायाळू मन मोठं ठरतं. ते नाव ह्या खुनांच्या कथेला दिलंय, हा खवचटपणा कुठल्याच भाषांतरात उतरणार नाही.

— मराठीत 'पायरी ओळखून राहा', 'पायरी सोडू नकोस' असं दटावणं भरपूर आहे. चढणाऱ्याला नाव मात्र नाही. बोलणारा नेहमी वरच्या पायरीवरचा असावा!

— हे पटलं. शिवाय लुई चढतो तरी कुठे? चित्रामागे वंशावळ काढून ठेवतो नि एकेका नावावर काट मारतो. तो तिथेच असतो, वरच्या फांद्या कमी होत जातात.

— मूळ प्रश्न विचारणारा: मित्राला शेवटी 'कुळात घुसखोरी करणारा' म्हणालो. तर म्हणतो, "लेकीचा मुलगा घुसखोर कसा रे?"