गाडीच्या कप्प्यात पिस्तूल ठेवून नाटकाला जाणाऱ्यांसाठी

कर्वेरस्ता :
काल इथेच एका सदस्याने लिहिलं की मॉलच्या नाहीतर नाट्यगृहाच्या दारात तपासणी होते, म्हणून परवान्याचं पिस्तूल रुमालात गुंडाळायचं, डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकायचं, वर आरसी आणि विम्याचे कागद ठेवायचे, "कोणाच्या बापाला कळतंय". खाली बारा जणांचे अंगठे. उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

कोणाच्या बापाला कळतं ते सांगतो. २०१९ च्या पावसाळ्यात लॉ कॉलेज रोडला गाडी लावून अर्ध्या तासासाठी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. परत येतो तर मागची छोटी काच फोडलेली. गाडीत होतं काय, एक छत्री आणि रिकामा न झालेला डबा. डब्याला चोराने हात लावला नव्हता (कारल्याची भाजी होती, त्याचंही बरोबरच). पण कप्पा उपसून सीटवर पालथा घातलेला. आरसी, पीयूसी, कुठल्या तरी जुन्या टोलच्या पावत्या, सगळं पसरलेलं. म्हणजे तुमची जी गुप्त जागा, तिथे चोराचा हात सगळ्यात आधी जातो. मग सीटखाली. मग डिकी. तुमच्या रुमालाने त्याला काय फरक पडणार आहे?

मी बंदूकविरोधी वगैरे नाही, ते आधीच सांगून टाकतो. वडिलांची बारा बोअर होती, पानशेतच्या वर शेत आहे, रानडुकरं काय करतात ते लहानपणापासून पाहिलंय. माझ्याकडे कानपूरचं .३२ आहे. म्हणूनच राग येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी हत्यार नेण्याबद्दल दोन गोष्टी साफ आहेत : ते पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि नेणाऱ्याचा त्यावर ताबा पाहिजे. पहिली अट रुमालाने भागते, मान्य. दुसरीचं काय? तुम्ही आत खुर्चीत बसून हसताय आणि हत्यार बाहेर काचेच्या डब्यात. हा कसला ताबा?

अंगावर, नाहीतर घरच्या कपाटात कुलपाखाली. तिसरी जागा नाही.

धायरीफाटा :
"एका सदस्याने" काय, नाव घ्या की माझं. लाजता कशाला.

आता माझी शनिवारची गोष्ट ऐका. बांधकामाचा धंदा. सहा वाजता साइटवर मजुरांचा बटवडा, तोही रोख. एकदा नऱ्हे आंबेगावला दोघे दुचाकीवर आडवे आले होते, पिशवी गेली, मनगट मोडलं, त्यानंतर हा परवाना. शौक म्हणून नाही. बटवडा उरकला की बायकोला आणि पोरीला घेऊन बालगंधर्वला साडेनऊचा प्रयोग. आता तुमच्या म्हणण्याप्रमाणे मी मधे धायरीला जायचं, कपाट उघडायचं, ठेवायचं, परत यायचं. शनिवारी संध्याकाळी. सिंहगड रोडने. उड्डाणपूल झाला म्हणून काय, उतरल्यावर पुढे तेच. तुम्ही कर्वे रोडवाले शेवटचे कधी आला होतात या बाजूला?

आणि अंगावर ठेवून नाट्यगृहात गेलो की तुम्हीच उद्या धागा काढाल, "पिस्तूल लावून नाटकाला येणारे".

शुद्धलेखन_मास्तर :
धाग्याच्या शीर्षकात पिस्तूल. कानपूरचं .३२ म्हणताय ते बहुतेक रिव्हॉल्व्हर असणार. दोन वेगळ्या वस्तू आहेत. चालू द्या.

कर्वेरस्ता :
@मास्तर, माझं रिव्हॉल्व्हर, त्यांचं पिस्तूल. शीर्षक त्यांच्यासाठी आहे.

@धायरीफाटा, शीर्षक परत वाचा. नाटकाला कुठलाही परवानाधारक पिस्तूल लावून येऊ नये असंच माझं मत आहे. बटवडा आणि नाटक एकाच फेरीत बसवायचं हे कायद्याने सांगितलेलं नाही.

निवृत्त_फौजदार :
दोघांनीही आपापलं परवाना पुस्तक उघडून मागच्या अटी वाचाव्यात ही विनंती. नोकरीत शेकडो परवानाधारक पाहिले, अटी वाचलेले चार. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव, शाळा-कॉलेजचं आवार, इथे खास परवानगीशिवाय हत्यार न्यायचं नाही. हरवलं किंवा चोरीला गेलं तर विनाविलंब जवळच्या ठाण्यात कळवायचं. आता गाडीतून गेलेलं कळणार कधी? नाटक सुटल्यावर. काही लोक कप्पा उघडतात सहा महिन्यांनी, पीयूसी संपल्यावर.

त्याहून महत्त्वाचं कोणी लिहिलं नाही. हॉटेलच्या दारात तुम्ही गाडीची किल्ली व्हॅलेटच्या पोराला देता. त्या क्षणी तो पोरगा विनापरवाना हत्यार घेऊन फिरतोय. ड्रायव्हरचंही तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्याराला कमीत कमी दोन वर्षं आहेत. वकील सांगतील की ताबा जाणीवपूर्वक हवा, पोराला ठाऊकच नव्हतं, तो सुटेल. सुटेल हो. पण तोवर येरवड्यात कोण बसणार, तुम्ही की तो?

कोथरूडकरीण :
फौजदार साहेबांशी शंभर टक्के सहमत. आणि व्हॅलेट लांब राहिला, आमच्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या मुलाकडे अठरा गाड्यांच्या किल्ल्या असतात. पहाटे पाचला येतो, आतून व्हॅक्यूम करतो, कप्प्यातली धूळही काढतो बिचारा. वय एकोणीस. त्याच्या हातात रुमालाचं बोचकं आलं तर तो उघडून बघणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मुलं नसावीत.

बाकी पुण्यात मुळात पिस्तूल लागतं कशाला हे मला कळलेलं नाही. २०२४ मध्ये मुळशीतल्या जमिनीच्या भांडणात पिस्तूल दाखवल्याचा तो व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. तेवढ्यासाठीच लागतं ना?

धायरीफाटा :
ताई, माझ्या मनगटात अजून पट्टी आहे, स्टीलची. एक्स-रे टाकू का इथे?

भोरचा_बाळू :
सगळे चोराच्या नावाने रडताय. माझं .३२ चोराने नाही, आचारसंहितेने खाल्लं. २०२४ ला लोकसभेच्या आधी ठाण्यात जमा केलं. पावती घेतली, हत्यार पोत्यात. पोत्यात राव! नंबराची चिठ्ठी सुतळीने बांधलेली. परत मिळालं तेव्हा नळीच्या तोंडाला तांबूस पूड. हाताने चोळली तर बोट लाल. घासलं, तेल दिलं, तर नोव्हेंबरात विधानसभा. परत जमा. त्या हत्याराने माझ्यापेक्षा जास्त दिवस सरकारी पाहुणचार घेतला. गाडीत ठेवलं असतं तर निदान कोरडं राहिलं असतं.

डॉ_अर्धवट :
जमा करण्याआधी खोबरेल तेलाचा जाड हात द्यायचा. आमचे आजोबा तेच करायचे.

बालेवाडी_दहामीटर :
खोबरेल नको!!! पुण्याच्या डिसेंबरात बाटलीत गोठतं ते तुमच्या घोड्याच्या स्प्रिंगमध्ये गोठणार नाही का? नंतर चिकट राळ होते ती वेगळीच. शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही पुसून, नुसता हात फिरल्याइतकं. आणि चामड्याच्या म्यानात घालून महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. बाळूदादांचा गंज निम्मा पोत्यामुळे आणि निम्मा म्यानामुळे असणार.

भोरचा_बाळू :
म्यान चामड्याचंच होतं. तुम्हाला कसं कळलं?

बालेवाडी_दहामीटर :
गंज कुठे आला विचारा स्वतःला. सिलिंडरच्या कडेला, जिथे बटणाचा पट्टा येतो तिथे ना?

भोरचा_बाळू :
हो की हो!

सासवडचा_पाटील :
आमच्याकडे तर मोहोर अशी मारली की लाख मुठीवर सांडली. वर नंबर चुकीचा लिहिला म्हणून परत देताना दोन दिवस फिरवलं. बँकांचे सुरक्षारक्षक आणि रायफल असोसिएशनचे खेळाडू सुटतात, शेतकऱ्याने मात्र पावती घेऊन रांगेत.

निवृत्त_फौजदार :
सरसकट जमा करायचं नसतं, छाननी समिती असते, कोणाचं घ्यायचं ते ठरवते. तुमचं दरवेळी घेतलं जातंय तर कारण तुमच्या फाईलमध्ये शोधा. आणि मुद्देमालाची खोली हे काही संग्रहालय नाही. चार माणसं, दोनशे पोती, छपराला गळती. आम्ही काय प्रत्येकाला मशीनचं तेल द्यायचं?

सासवडचा_पाटील :
फाईलमध्ये काय आहे ते तुम्हाला काय माहीत? सरळ गुन्हेगार ठरवून मोकळे? माफी मागा.

निवृत्त_फौजदार :
मी फाईल म्हणालो. गुन्हेगार तुम्ही म्हणालात.

कर्वेरस्ता :
अहो विषय गाडीचा होता. गंजावर दहा प्रतिसाद झाले (मधले सात मी वाचलेसुद्धा नाहीत). हवा तर वेगळा धागा काढा, "गंज आणि आचारसंहिता".

अवांतर : २०१४ ला माझंही असंच आलं होतं. मुठीची एक पट्टी हरवून. अजून दुसरी मिळालेली नाही.

ह्यूस्टनचा_भाचा :
इथून बोलतो, कारण हा प्रश्न इकडे रोजचा आहे. टेक्सासात २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही अंगावर पिस्तूल ठेवता येतं. पण शाळेत नाही, टपाल कार्यालयाच्या आवारात नाही, दारावर मनाईची पाटी लावलेल्या दुकानात नाही. मग लोक काय करतात? धायरीफाटांचंच. कप्प्यात टाकतात आणि आत जातात. चोरांना हे पाठ झालंय. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये एका रात्रीत ओळीने काचा फुटतात, त्यातही बंदुकीच्या कंपनीचं स्टिकर लावलेल्या गाड्या आधी. शेवटी कोलोरॅडोने कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून : गाडी सोडून जाताना पिस्तूल कुलूपबंद टणक पेटीत, बाहेरून दिसणार नाही असं, आणि गाडीलाही कुलूप. माझ्या गाडीत तशी पेटी आहे, पोलादी तारेने सीटच्या सांगाड्याला बांधलेली. मामा म्हणतो तुला भीती कशाची वाटते. काचेची, म्हटलं.

कोथरूडकरीण :
म्हणजे आता आपण अमेरिकेकडून बंदुका सांभाळायला शिकायचं. वा.

डॉ_अर्धवट :
एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत गोळी आपोआप फुटते, याचा कोणी विचार केलाय का?

बालेवाडी_दहामीटर :
नाही फुटत, डॉक्टर. त्यासाठी लागणारी उष्णता बंद गाडीतल्या तापमानाच्या कितीतरी वर आहे. प्लास्टिक आधी वितळेल. उलट दिवसा तापणं आणि रात्री गार होणं यातून दव धरतं, त्याची काळजी करा.

आता मूळ विषयावर, कारण नेमबाजीच्या रेंजवर जाताना मी रोजच हत्यार गाडीतून नेते (स्वप्नील कुसाळेला २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळाल्यापासून बालेवाडीत गर्दी इतकी की पार्किंगसाठी अर्धा तास आधी निघावं लागतं, पण ते जाऊ दे). माझं रिकामं असतं, टणक पेटीत, कुलूप, गोळ्या वेगळ्या. वाटेत मी कुठेही थांबत नाही. भाजी नाही, पेट्रोल नाही. भाच्याची पेटी चांगली, पण दोन गोष्टी लोक चुकतात. एक, पार्किंगमध्ये पोचल्यावर कमरेचं काढून पेटीत ठेवतात. पार्किंगवाला, फुगेवाला, शेजारच्या गाडीतलं पोरगं, सगळे बघतात. ठेवायचं ते निघतानाच, साइटवर. दोन, ड्रायव्हरच्या सीटवर स्टिअरिंगखाली वाकून ते रिकामं करत बसतात. नळीचं तोंड कुठे आहे? मांडीकडे, नाहीतर शेजारी बसलेल्या बायकोकडे.

निवृत्त_फौजदार :
रिकामंच पाहिजे. भरलेलं पेटीत ठेवायचं नाही. चोराला आयतं कशाला द्यायचं?

बालेवाडी_दहामीटर :
रिकामं पाहिजेच, साहेब. फक्त गाडीत बसून नको. साइटवरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून करा आणि मग पेटीत. हेच सांगतेय.

धायरीफाटा :
साइटवर खोली आहे. सिमेंटच्या गोण्यांची.

आमचा फॅब्रिकेटर आहे, त्याला चार एमएमच्या पत्र्याची पेटी सांगतो, सीटच्या रेलला आतून बोल्ट. तार नको, तार कटरने जाते. व्हॅलेटला गाडी देणार नाही, ते मात्र फौजदार साहेबांचं पटलं. ते पोरगं डोळ्यासमोर आलं. कर्वे रोडच्या साहेबांचं काहीही पटलेलं नाही.

कर्वेरस्ता :
रुमालापासून पत्र्यापर्यंत आलात, आणि म्हणे काही पटलं नाही. पेटी बोल्टने बसवली तरी ताबा तुमच्याजवळ नाही, ते मी म्हणतच राहणार. पण रोख पैसे वाटून थेट कुटुंबाला घेऊन जायचंच असेल, तर पत्रा कप्प्यापेक्षा बरा. एवढंच. याला सहमती समजू नये.

शुद्धलेखन_मास्तर :
"पत्र्यापर्यंत" बरोबर. वरच्या प्रतिसादात एकाने "मोहोर मारली" लिहिलंय. मोहोर आंब्याला येतो. मारतात ती मोहर.

सासवडचा_पाटील :
माफीचं काय झालं?

धायरीफाटा (आठ दिवसांनी) :
पेटी बसली. काल प्रयोगाला गेलो होतो. मध्यंतरात तरी उठून गाडीकडे जाऊन आलो, काच बघायला. परत येईपर्यंत बटाटेवडे संपलेले. बायको बोलत नाहीये.

कर्वेरस्ता :
म्हणूनच म्हणत होतो, घरी ठेवा.