"चूक. दुसरं कोण सांगतंय?"

धागाकर्ता

पदवीच्या पहिल्या वर्षाला मी भौतिकशास्त्र शिकवतो. एकदा वर्गात विचारलं, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच पोचतो, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? एक मुलगी उठून म्हणाली, "शून्य." मी म्हणालो, "चूक. दुसरं कोण सांगतंय?" कुणीतरी गुरुत्वाकर्षणाचं ९.८ सांगितलं आणि मी पुढे गेलो. ती मुलगी वर्षभर माझ्या तासाला पुन्हा बोलली नाही.

तिच्या उत्तरामागे विचार होता. त्या क्षणी चेंडूचा वेग खरोखर शून्यच असतो. वेग आणि वेग बदलण्याचा दर, म्हणजे त्वरण, यांत तिची गल्लत झाली होती. ही गल्लत वर्गात अनेकांची असते. तिने ती उघड्यावर आणली आणि मी चार शब्दांत झाकून टाकली.

हार्वर्डमधले भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या सुमारास विद्यार्थ्यांना बलाबद्दलच्या अगदी मूलभूत कल्पनांची चाचणी दिली. वर्गातून प्रश्न आला, उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहायची की आम्हाला एरवी वाटतं तशी? पुस्तकातली अवघड गणितं सोडवणारी मुलं त्या साध्या चाचणीत अडखळली. तेव्हापासून मझूर प्रश्न टाकतात, प्रत्येकाला उत्तर नोंदवायला लावतात, मग शेजाऱ्याशी वाद घालायला सांगून पुन्हा उत्तर मागतात.

"शून्य का वाटलं?" एवढं मी विचारायला हवं होतं. विद्यार्थ्याला मान द्यायचा तर सुरुवात तिथून होते, असं माझं मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

जुना मास्तर

असहमत. समोर १४० विद्यार्थी, हातात पाऊण तास आणि संपवायचा अभ्यासक्रम. प्रत्येक "का वाटलं" ऐकत बसलो तर शेवटची दोन प्रकरणं राहतात, आणि त्यांवर परीक्षेत प्रश्न येतात. ज्याला बोलायचं नाही, फक्त नीट ऐकायचंय, त्याच्या वेळेला मान नाही का?

मला याहून मोठी काळजी वेगळीच आहे. हल्ली "आदर" म्हटलं की त्याचा अर्थ कुणाला वाईट वाटू न देणं असा घेतला जातो. मग कच्चा निबंधही "छान प्रयत्न" ठरतो. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात विद्यार्थी उशिरा येणाऱ्या शिक्षकाला दंड करत. वेळेवर या, पूर्ण शिकवा, ही त्यांची मागणी होती आणि ती रास्तच होती. मी तयारी करून येतो, वेळेवर येतो, पेपर ओळ न ओळ वाचून तपासतो. चूक असेल तर चूक म्हणतो. मोठ्या माणसाला मान देण्याची माझी रीत हीच.

मागचा बाक

सर, "चूक" म्हटल्याचा राग कुणालाच नसतो. पेपरवर लाल रेघ असते आणि शेजारी एक शब्दही नसतो, तेव्हा वाटतं की आपण लिहिलेलं कुणी वाचलंच नाही. तुम्ही ओळ न ओळ वाचता हे तुमच्या विद्यार्थ्यांना कळतं का?

आकडेमोड

थोडी माहिती. २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, विद्यार्थ्यांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. म्हणजे शेवटची दोन प्रकरणं "शिकवून झाली" याचा अर्थ ती पोचली असा होत नाही.

पण २०१९चा हार्वर्डमधलाच एक प्रयोग जुन्या मास्तरांच्या बाजूनेही बोलतो. ज्यांना वर्गात स्वतः झगडावं लागलं ते चाचणीत पुढे होते, तरी आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. तेव्हा विद्यार्थ्यांना जे आवडतं तेच त्यांच्या भल्याचं असतं, असं धरून चालता येत नाही.

जुना मास्तर

दुसरा मुद्दा मान्य. पहिल्यावर विचार करतो. तासाला एक प्रश्न, पाच मिनिटं, एवढं जमेल. मागच्या बाकाला सांगतो, शेरे लिहायचं मी काही वर्षांपूर्वी सोडलं. गठ्ठे वाढले म्हणून. हे कारण पुरेसं नाही हे कळतंय.

धागाकर्ता

मास्तर, गुण सैल करायला माझाही विरोध आहे. उत्तर चूकच होतं आणि ते तसं सांगायलाच हवं होतं. फक्त त्यानंतर मी थांबलो नाही.

मागचा बाक

त्या मुलीचं पुढे काय झालं?

धागाकर्ता

चांगल्या गुणांनी पास झाली. पेपरात त्वरणाचं गणित अचूक सोडवलं होतं. चेंडू वर थांबतो तेव्हा काय होतं हे तिला पटलं होतं की तिने नुसतं पाठ केलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.