सर्व्हर कॉन्फिगचा स्कीमा: पॅटर्न लिहूनही १३५० पास कसं होतं?

कुंडईकर

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्याचे सात सर्व्हर माझ्या गळ्यात आहेत. आधीच्या माणसाने त्यांना नद्यांची नावं दिलीत: तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग. नावं झकास. कॉन्फिग (सेटिंग्ज) म्हणजे मात्र एकाच यॅमल फाईलच्या (सेटिंग्ज साध्या मजकुरात लिहायची पद्धत) सात कॉप्या, आणि ज्याने हात घातला त्याने आपापली भर घातलेली.

जूनमध्ये पहाटे लाईट जायला लागली. यूपीएस जेमतेम वीस मिनिटं तग धरतो. म्हणून बॅकअपची वेळ ०२:३० वरून २२:३० केली, तेव्हा निदान जनरेटर चालू करायला माणूस जागा असतो. फाईलमध्ये एक आकडा बदलला, एवढंच. पुढचे १८ दिवस एकही बॅकअप झाला नाही आणि स्क्रिप्टने चकार शब्द काढला नाही. अकाउंट्सच्या मॅडमनी चुकून उडवलेली शीट परत मागितली तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. प्रोग्रामला वेळेऐवजी १३५० हा आकडा मिळत होता.

आता जेसन स्कीमा लिहितोय, म्हणजे फाईलमध्ये काय चालेल आणि काय नाही याची नियमावली. वेळेला पॅटर्न दिला: दोन आकडे, कोलन, दोन आकडे. तरीही १३५० बिनबोभाट पास! शिवाय साळ हे बॅकअप साठवायचं मशीन आहे, त्याला वेळ नको, डिस्कचा पाथ हवा. बाकीच्यांचं उलट. हे एकाच स्कीमात कसं बसवायचं? आणि डीफॉल्ट किमती (काही लिहिलं नाही तर धरायची मूल्यं) तिथेच लिहू का? चवथीला सगळे सुट्टीवर जातात, त्याआधी हे उरकायचंय.

डिचोलीवाली

१३५० चं कोडं सोपं आहे. यॅमल १.१ मध्ये कोलनवाले आकडे साठच्या पटीत मोजले जातात: २२ गुणिले ६०, अधिक ३०. तुमचं ०२:३० शून्याने सुरू होत होतं म्हणून त्या नियमात बसलं नाही, मजकूरच राहिलं. २००९ च्या यॅमल १.२ मध्ये हा प्रकार काढून टाकलाय, पण पायथनची नेहमीची पाययॅमल लायब्ररी अजून १.१ च्याच चालीने वाचते. 'ऑफ' लिहिलंत तर ते 'फॉल्स' होतं, फाईलच्या परवानगीचं ०६४४ लिहिलंत तर ४२० होतं. वेळ अवतरणचिन्हांत घाला.

पॅटर्न का फसला? तो फक्त मजकुराला लागू होतो. समोर आकडा आला की पॅटर्न गप्प बसतो, म्हणजे पास. शेजारी 'टाइप: स्ट्रिंग' (इथे मजकूरच हवा) लिहिलंत की लगेच अडेल.

पेडण्याचा जुना अॅडमिन

बाब, मी या धंद्यात बरेच पावसाळे काढलेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

स्कीमा आधी बंद करा, म्हणजे 'अॅडिशनल प्रॉपर्टीज: फॉल्स': स्कीमात नाव नसलेली प्रॉपर्टी (सेटिंगची नोंद) आली की नापास. आपल्याकडे खरे घोटाळे चुकीच्या किमतींपेक्षा चुकीच्या स्पेलिंगचे. 'टाइमआउट' (किती वेळ वाट बघायची) या नावातलं एक अक्षर गळलं की प्रोग्राम ती प्रॉपर्टी बघतच नाही, डीफॉल्ट घेतो आणि पुढे जातो. पण सामाईक भाग वेगळा लिहून 'ऑल-ऑफ'ने (सगळे तुकडे पाळायचे) जोडणार असाल तर जपून: प्रत्येक तुकड्याला फक्त आपल्याच प्रॉपर्टीज दिसतात, दुसऱ्याच्या तो परक्या समजून हाकलतो. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय. त्यासाठी २०१९-०९ च्या आवृत्तीपासून 'अनइव्हॅल्युएटेड प्रॉपर्टीज' आहे, ते सगळे तुकडे एकत्र बघूनच परकं काय ते ठरवतं, ते वापरा.

साळसाठी 'भूमिका' अशी प्रॉपर्टी ठेवा आणि 'इफ-देन' (भूमिका अमुक असेल तर तमुक हवंच) लावा. 'वन-ऑफ'सुद्धा (दिलेल्या साच्यांपैकी नेमका एक) चालतं, पण त्याचा एरर वाचून कुणाला काही उमगत नाही. एक खड्डा सांगतो: 'इफ'च्या आतही भूमिका 'रिक्वायर्ड' (सक्तीची) करा. नाहीतर ज्या फाईलमध्ये भूमिकाच नाही तिथेही 'इफ' खरं ठरतं, आणि मांडवी उगाच डिस्कचा पाथ मागत बसते.

डीफॉल्टचं म्हणाल तर स्कीमातलं 'डीफॉल्ट' ही नुसती माहिती आहे. पायथनची जेसनस्कीमा लायब्ररी आपणहून ते भरत नाही. स्कीमात ३० आणि कोडात ६० असं झालं की वाचणारा फसतो. एकाच ठिकाणी ठेवा, माझं मत कोडात.

म्हापशाचा_बाजार

सात मशिनींसाठी एवढा उपद्व्याप? एका वहीत लिहून ठेवा आणि बदलण्याआधी बघा. 🙂

कुंडईकर

@म्हापशाचा_बाजार वही होती हो, आधीच्या माणसाची. पाणी गळून शाई पसरली.

बाकी दोघांना देव बरें करूं. टाइप घातला, स्कीमा बंद केला, पोर्टला १ ते ६५५३५ ची हद्द घातली, नावाला सात नद्यांची यादी दिली. काल रात्री सातही फाईली त्यातून काढल्या. पास झाल्या दोनच, तेरेखोल आणि गालजीबाग. शापोरात पोर्ट अवतरणचिन्हांत, जुवारीत लॉग-लेव्हलच्या जागी 'ऑफ', तळपणमध्ये तोच टाइमआउट, एक अक्षर कमी. गालजीबागच्या फाईलमध्ये तर नाव मांडवी, यादीतलंच म्हणून पास झालं, आणि खुद्द मांडवीच्या फाईलमध्ये 'मांडोवी'. म्हणजे इतके दिवस 'मांडवी'च्या नावाने येणारे अलर्ट गालजीबागचे होते, आणि मी बिचाऱ्या मांडवीला रीस्टार्ट करत होतो!

साळला डिस्कचा पाथच नाही. मग बॅकअप आजवर कुठे जात होते, ते आता जाऊन बघतो.

डिचोलीवाली

रूट डिस्क (सिस्टीमची मुख्य डिस्क) भरत आली असेल. आधी तेच बघा.